काचेचा दरवाजा आणि हातातली मूठ : जाक तातीच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

१९७४ साली फ्रान्समधल्या एका बुडीत निघालेल्या चित्रपट कंपनीकडच्या हक्कांचा लिलाव झाला. सगळे मिळून एक लाख वीस हजार फ्रँकच्या थोडे वर गेले. कंपनीच्या मालकाने पंधराच वर्षांपूर्वी हॉलिवूडमध्ये जाऊन ऑस्कर घेतला होता. लिलाव झाला तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होणार होता आणि स्वतः केलेल्या चित्रपटांवर त्याचा हक्क उरला नव्हता.

मालकाचं नाव जाक ताती. त्याच्या दिवाळखोरीची गोष्ट आजवर एकाच सुरात सांगितली जाते. गाजलेला विनोदी नट होता, डोक्यात हवा गेली, स्वतःसाठी अख्खं शहर बांधलं, बुडाला. यातलं शहर खरं आहे आणि बुडणंही खरं आहे. डोक्यात हवा गेल्याचं मात्र मला कधीच पटलेलं नाही. ज्या निर्णयांनी ताती बुडाला त्यांची मुळं पस्तीस वर्षं मागे, त्याच्या अगदी पहिल्या नकलांमध्ये सापडतात. ही पार्श्वभूमी त्यासाठीच लिहितो आहे. हुलो, म्हणजे तातीने स्वतः पडद्यावर उभं केलेलं विनोदी पात्र, कसा चालतो, कशा गमती करतो हे वाचकांना माहीत आहे असं धरून चालतो. ज्यांना माहीत नाही त्यांनी मिस्टर बीन नक्की पाहिलेला असेल, आणि बीन घडवताना हुलो आपल्यासमोर होता हे त्या इंग्रज नटाने स्वतःच सांगितलेलं आहे.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवला पाहिजे. आपल्याकडे 'माइम'साठी 'मूकाभिनय' हा शब्द रुळला आहे. तो ऐकला की पांढरा रंग फासलेला चेहरा, पट्ट्यापट्ट्यांची बनियन आणि हवेत चाचपडणारे दोन तळहात डोळ्यांपुढे येतात. ही प्रतिमा मुख्यतः एका दुसऱ्याच फ्रेंच कलावंताची आहे. तातीपेक्षा तो सोळा वर्षांनी लहान. युद्धानंतरच्या काळात त्याने जगभर दौरे केले, आपल्या कल्पनेतला माइम म्हणजे तोच. त्याच्या मागे एक शाळा होती. शरीराच्या एकेका स्नायूला व्याकरणाच्या शिस्तीत बसवणारे गुरू होते. त्याच्याही मागे एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस होतं. तिथल्या बुलेव्हारवरच्या, म्हणजे रुंद हमरस्त्यावरच्या, छोट्या नाटकघरांच्या परवान्यात संवादांना मुभाच नव्हती. डोंबारी खेळ करा, हातवारे करा, पण बोलायचं नाही. फ्रेंच मूकाभिनयातलं 'मूक' हे अशा सरकारी बंदीतून आलं आणि मागाहून त्याचं सौंदर्यशास्त्र झालं.

ताती यातल्या कुठल्याच घराण्यातला नाही. १९४०च्या दशकात त्याच बुलेव्हारवरच्या जुन्या माइम नटावर एक भव्य चित्रपट निघाला, तेव्हा ठरलेला नट मिळाला नाही तर ताती, असा विचार झाला होता. ठरलेला नट मिळाला आणि ताती त्या परंपरेच्या दारावरूनच परतला. माझ्या मते ते बरंच झालं. त्याच्या चित्रपटांत शांतता नसतेच. जेवणघराचं स्प्रिंगचं दार दर वेळी कुणीतरी सतारीची तार छेडल्यासारखं वाजतं, टाचांचे बूट फरशीवर टकटकतात, गादीची खुर्ची बसणारा उठला की उसासा टाकते. माणसं बोलतातही, फक्त त्यांचं बोलणं फलाटावरच्या गलक्यासारखं अर्धवट कानावर पडतं. हे सगळे आवाज तो चित्रीकरणानंतर, स्टुडिओत, एकेक करून बसवायचा. याला मूक म्हणणं चूक आहे. भरताने केलेले अभिनयाचे चार भाग घेतले तर तातीचं वर्णन सोपं होतं. वाचिक मागे सारलेलं, आंगिक पुढे आणलेलं, आणि आहार्य, म्हणजे वेष, वस्तू, नेपथ्य, यांनाच नट केलेलं. आणि सुरुवातीच्या तातीसाठी तर आपल्याकडे याहून साधा शब्द आहे, नकलाकार.

तो नकलाकार झाला रग्बीच्या मैदानामुळे. जन्म १९०७चा, पॅरिसजवळच्या ल पेक गावातला. मूळ आडनाव तातिशेफ. आजोबा रशियन सरदार, पॅरिसच्या रशियन वकिलातीत लष्करी अधिकारी. आईकडचे आजोबा चित्रांच्या चौकटी करणारे, प्लास व्हांदोमजवळ त्यांचं नावाजलेलं दुकान. शाळेत गती नसलेल्या नातवाला त्याच दुकानात उमेदवारीला लावलं. मध्ये घोडदळात लष्करी सेवा झाली, नंतर धंदा शिकायला लंडनला रवानगी. तिथे चौकटींपेक्षा रग्बीच जास्त शिकून आला. परत आल्यावर पॅरिसच्या रेसिंग क्लबात खेळू लागला. संघाचा कप्तान पुढे मोठा लोकसंख्याशास्त्रज्ञ झाला. 'तिसरं जग' हा शब्दप्रयोग त्याचाच. सामना संपला की कपडे बदलण्याच्या खोलीत आणि नंतर जेवणाच्या टेबलावर ताती नुकत्याच झालेल्या सामन्याची नक्कल करायचा. पंच, पळणारा खेळाडू, ओरडणारा प्रेक्षक, सगळे एकाच अंगात. सोबत्यांनी क्लबच्या वार्षिक करमणुकीच्या कार्यक्रमात त्याला उभं केलं, आणि तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला चौकटींचं दुकान सुटलं. घरच्यांना ते रुचलं नाही. दिवस मंदीचे होते आणि हातचा धंदा सोडून मुलगा नकला करायला निघाला होता.

त्याचा रंगमंचावरचा कार्यक्रम 'खेळांच्या नकला' एवढाच. टेनिसपटू, गोलरक्षक, मुष्टियोद्धा, मासे पकडणारा, घोडेस्वार. सहा फुटांहून बरीच जास्त उंची असलेला हा माणूस हातात काहीही न घेता रंगमंचावर यायचा. १९३६ मध्ये कोलेत या फ्रान्समधल्या नामवंत लेखिकेने वृत्तपत्रात त्याच्यावर लिहिलं आणि पॅरिसचं लक्ष वळलं. तिने अचूक हेरलं होतं की हा माणूस एकाच वेळी खेळाडूही आहे आणि चेंडूही, स्वारही आहे आणि घोडाही. सामान्य नकलाकार माणसाची नक्कल करतो. ताती माणूस आणि वस्तू यांच्यातल्या नात्याची नक्कल करत होता. हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे पडद्यावर बांधलेलं शहर याच्याशी बांधलेलं आहे.

युद्धापूर्वी तो बर्लिनच्या स्काला या करमणुकीच्या रंगमंदिरापर्यंत पोचला. १९४०च्या लढाईत सैनिक म्हणून होता. फ्रान्स पडल्यावर जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये लिदो या नाचगाण्यांच्या रंगमंदिरात त्याने दोनेक वर्षं कार्यक्रम केले. तिथल्याच एका ऑस्ट्रियन नर्तकीपासून १९४२ मध्ये त्याला मुलगी झाली. त्याने तिला आपलं म्हटलं नाही. लिदोतल्या सहकाऱ्यांना हे वागणं खपलं नाही आणि त्याला तिथून जावं लागलं. तातीवर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट अनेक वर्षं चरित्रातून गाळली. ती गाळता येत नाही. पुढे साठ-सत्तर वर्षांनी ती एका चित्रपटाच्या रूपाने परत येणार होती.

युद्धाच्याच काळात मध्य फ्रान्समधल्या सेंत-सेव्हेर या खेड्यात तो एका मित्रासह जाऊन राहिला होता. तिथे १९४७ मध्ये त्याने पहिला मोठा चित्रपट केला, 'जूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. अमेरिकन टपालखात्याच्या वेगाचा माहितीपट पाहून झपाटलेला पोस्टमन आणि त्याची सायकल. फ्रान्सचा पहिला रंगीत चित्रपट व्हावा म्हणून नव्या फ्रेंच रंगप्रक्रियेवर चित्रीकरण केलं, आणि खबरदारी म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा कृष्णधवल फिल्मचा लावला. रंगीत फिल्म धुऊन प्रती काढणं त्या कंपनीला जमलंच नाही. १९४९ मध्ये लोकांनी पाहिला तो शेजारच्या कॅमेऱ्याचा चित्रपट.

पुढची दहा वर्षं यशाची आहेत, म्हणून भराभर सांगतो. १९५३ मध्ये हुलोची समुद्रकाठची सुट्टी, चित्रीकरण अटलांटिकच्या काठी सां-मार्क इथे. १९५८ मध्ये 'माँ ओंक्ल', माझा मामा किंवा काका, फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द. इथे तो मामा आहे. बहिणीच्या अत्याधुनिक, बटणांवर चालणाऱ्या घरात न बसणारा भाऊ. त्या घराच्या बागेत एक उभा मासा आहे. महत्त्वाचा पाहुणा आला की बटण दाबून त्याच्या तोंडातून कारंजं उडवायचं, भाऊच आलेला दिसला की लगेच बंद करायचं. कान चित्रपट महोत्सवात खास पुरस्कार, मग ऑस्कर. अमेरिकेत पाहुणचार म्हणून काय हवं असं विचारलं तेव्हा त्याने बस्टर कीटन आणि स्टॅन लॉरेल या मूकपटांच्या काळातल्या विनोदी नटांना भेटण्याची इच्छा सांगितली. तातीने आवाज वापरूनच मूकपटांची खरी परंपरा पुढे नेली, असं कीटन तेव्हा म्हणाल्याचं सांगतात.

आता तो वादग्रस्त निर्णय. खरं म्हणजे एकात एक गुंतलेले तीन निर्णय.

पहिला हुलोबद्दलचा. दोन चित्रपटांनंतर हुलो जगभर ओळखला जात होता. पाइप, रेनकोट, आखूड पँट, खाली दिसणारे पट्ट्यांचे मोजे, पुढे झुकून टाचा उचलत चालणं. कुठलाही निर्माता अशा पात्रावर आयुष्यभर जगला असता. तातीने नव्या चित्रपटात, 'प्लेटाइम'मध्ये, त्याला मधोमध ठेवलंच नाही. हुलो येतो, गर्दीत हरवतो, बराच वेळ दिसत नाही. इतकंच नव्हे तर तसाच रेनकोट आणि तसाच पाइप असलेली दुसरीच माणसं येऊन जातात, आणि त्यांना हुलो समजून पडद्यावरचे लोक फसतात, प्रेक्षकही फसतात. यामागचं तातीचं म्हणणं होतं की गंमत ही एका नटाची मालमत्ता नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे स्वतःची एक गंमत असते, फक्त बघणारा हवा.

दुसरा निर्णय शहराचा. चित्रपटाला काचेच्या इमारतींचं, विमानतळाचं, कार्यालयांचं पॅरिस हवं होतं. खरा विमानतळ किंवा खरं कार्यालय महिनोन् महिने बंद ठेवून कोण देणार? म्हणून १९६४ मध्ये पॅरिसच्या पूर्वेला, व्हाँसेनच्या जंगलाजवळच्या मोकळ्या जागेवर शहरच बांधायला घेतलं. सुमारे पंधरा हजार चौरस मीटर जागा. पक्क्या इमारती, डांबरी रस्ते, चालू सरकता जिना, स्वतःचं वीजघर, आणि मागे रुळांवर सरकणारे इमारतींचे दर्शनी भाग, म्हणजे तोच देखावा हलवून नवा रस्ता करता येईल. मागच्या गर्दीत कित्येक ठिकाणी माणसांच्या आकाराची पुठ्ठ्याची छायाचित्रं उभी केली होती. लोक या सेटला 'तातीव्हिल', ताती नगर, म्हणू लागले. वादळाने सेटची नासधूस झाली, पैसे संपले, काम थांबलं, कर्ज काढलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. नायिका अशी कुणी नव्हतीच. अमेरिकन पर्यटक तरुणीच्या भूमिकेत तातीच्या शेजाऱ्यांकडे मुलं सांभाळायला आलेली जर्मन मुलगी होती, आणि तिच्याबरोबरच्या पर्यटक बायका म्हणजे पॅरिसजवळच्या लष्करी तळावरच्या अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बायका.

तिसरा निर्णय फिल्मच्या रुंदीचा. ७० मिलिमीटर. हा आकार त्या काळी युद्धपट, ऐतिहासिक महापट यांच्यासाठी वापरत. विनोदी चित्रपटासाठी, तोही जवळजवळ संवाद नसलेल्या, ही चैन कशाला, असं जो तो विचारत होता.

या तिन्हींवर टीका करणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लोक हुलो पाहायला आले आणि त्याने हुलो लपवला. दोन-तीन खोल्यांत घडू शकणारी गोष्ट त्याने शहरात नेली. छोट्या पडद्यावरही हसू आलं असतं ते त्याने प्रचंड पडद्यावर पसरून विरळ केलं. डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसमध्ये चित्रपट लागला तेव्हा तो अडीच तासांहून लांब होता. पैसा लावलेल्यांच्या आणि चित्रपटगृहांच्या दबावाखाली तातीने स्वतःच पुढच्या काही आठवड्यांत त्यातला बराच भाग कापला. लोक तरीही पुरेसे आले नाहीत.

मला ही टीका, विशेषतः हुलो लपवल्याची आणि हसू मोठ्या पडद्यावर विरळ केल्याची तक्रार, पूर्ण चुकीची वाटते. ते का, हे चित्रपटातल्याच एका प्रसंगावरून सांगतो.

'प्लेटाइम'भर काच आहे. एक कारकून दुसऱ्या माणसाला भेटायच्या घाईत काचेवर नाक आपटतो. काचेच्या दारात आयफेल टॉवरचं प्रतिबिंब क्षणभर चमकून जातं आणि पर्यटकांच्या वाट्याला खऱ्या पॅरिसचं असं प्रतिबिंबांतलंच दर्शन येतं. मग रात्र होते. एक नवं कोरं रेस्टॉरंट, अजून रंग ओला, फरशीच्या लाद्या सुटताहेत, आणि उद्घाटनाचे पाहुणे यायला लागले आहेत. दाराशी काचेचा मोठा दरवाजा, त्याला पितळी मूठ. ओढाताणीत तो दरवाजा फुटतो, तुकडे खाली सांडतात. दरवान काय करतो? ती पितळी मूठ उचलतो, जिथे दरवाजा होता तिथे हवेत धरतो आणि पाहुणा आला की दार उघडल्यासारखा हात फिरवतो. पाहुणे नसलेल्या दारातून आत जातात. अदबीने जातात.

माइमच्या शाळेतला पहिला धडा म्हणजे नसलेली भिंत. दोन तळहात हवेत टेकवायचे आणि प्रेक्षकाला भिंत दाखवायची. तातीने हा धडा उलटा केला. त्याच्या शहरात भिंती खऱ्याच आहेत, पण दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक माणूस, कारकून, पर्यटक, दरवान, न शिकता, न कळत माइम करत राहतो. काच असताना ती नसल्यासारखी आपटतो, काच गेल्यावर ती असल्यासारखी उघडतो. रंगमंचावर एकटा ताती हातात रॅकेट नसताना टेनिस खेळायचा. इथे त्याने अख्ख्या शहराच्या हातात तो खेळ दिला. हुलो मधून बाजूला गेला नसता तर हे दिसलंच नसतं. आपण त्याच्याकडेच पाहत बसलो असतो आणि दरवान निसटून गेला असता. शहर बांधलं नसतं तर ती काचही नसती, आणि तिच्याशी जमवून घेणारी शरीरंही नसती.

रुंदीचंही तसंच. आंगिक अभिनयाला जवळून टिपलेला चेहरा मारक असतो. रंगमंचावर प्रेक्षक पावलांपासून टोपीपर्यंत अख्खं शरीर पाहतो, आणि कुठे पाहायचं हे स्वतः ठरवतो. तातीने पडद्यावर तेच मागितलं. कॅमेरा लांब, सगळे पूर्ण दिसतात, एका कोपऱ्यात एक गंमत चालू आहे, दुसऱ्यात दुसरी, आणि कुणीही बोट दाखवत नाही. एका अभ्यासकाने लिहिलं आहे की हा चित्रपट नुसता अनेक वेळा पाहून भागत नाही, तो पडद्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर बसून पाहावा लागतो. आपल्याकडे मोकळ्या मैदानात तमाशा किंवा दशावतार पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. मृदंगवाल्याकडे बघायचं की राजाकडे, हे तो स्वतःच ठरवतो.

तातीची चूक झाली ती वेगळ्या जागी, आणि ती त्याच्या बाजूच्या लोकांनीही मान्य केली पाहिजे. चित्रपट ७० मिलिमीटरवर घेणं एक आणि तो तसाच दाखवला जावा म्हणून अडून बसणं वेगळं. तशी यंत्रणा असलेली चित्रपटगृहं मोजकी होती. साध्या रुंदीच्या प्रती वेळेवर बाहेर पडल्या असत्या तर लहान शहरांतून, परदेशांतून काही पैसा परत आला असता. अमेरिकेत चित्रपट लागला तो १९७३ मध्ये, साध्या रुंदीत आणि आणखी काटछाट होऊन. तोवर सावकार दारात होते. शिवाय पॅरिसच्या पहिल्या प्रदर्शनानंतर पाचच महिन्यांत मे १९६८ उजाडला, विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावाचा महिना. रस्त्यावर दगड उडत असताना काचेच्या इमारतींवरची हळुवार गंमत पाहायला जाणार कोण. हा दोष तातीचा नव्हे.

कर्ज त्याने स्वतःच्या आणि घरच्यांच्या नावावर काढलं होतं. सां-जेर्मां-आँ-ले इथलं कुटुंबाचं घर गेलं. तातीव्हिल पाडू नका, तिथे तरुण दिग्दर्शकांसाठी स्टुडिओ करा, अशी त्याची विनंती होती. ती मान्य झाली नाही, जागा रस्त्याच्या कामासाठी गेली. एखाद्या मोठ्या तारकेच्या मानधनापेक्षा हा सेट महाग पडला नाही, असं तो म्हणत असे. आता त्या सेटचा काहीच अवशेष उरलेला नाही.

यानंतरचा ताती लोक दयेने आठवतात. मला तो हट्टाने आठवावासा वाटतो. १९७१ मध्ये हुलोला परत आणावं लागलं, कारण हुलोशिवाय कुणी पैसे देईना. 'ट्राफिक'मध्ये तो एका मोटार कंपनीचा आरेखक आहे, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनाला एक तंबूगाडी पोचवायची आहे आणि ती वेळेवर पोचत नाही. पण त्यातही लक्षात राहतात ते सिग्नलला थांबलेले, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून नाक कोरणारे चालक. म्हणजे गर्दीवरचा डोळा त्याने सोडला नव्हता.

मग लिलावाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, 'परेड'. स्वीडिश टेलिव्हिजनच्या पैशांवर, बराचसा व्हिडिओवर चित्रित केलेला सर्कशीचा कार्यक्रम. सूत्रधार म्हणून खुद्द ताती, पांढरे केस, थोराड अंग, आणि तो करतो काय तर गोलरक्षक, मुष्टियोद्धा, टेनिसपटू, मासे पकडणारा, घोडेस्वार. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्याच नकला. टेनिसच्या नकलेत तो जुन्या काळचा खेळाडू होऊन इतका संथ, इतका रुबाबदार खेळतो की कॅमेऱ्याची गतीच कमी केल्यासारखं वाटतं, पण कॅमेरा नेहमीच्याच गतीने चालू असतो. जे काही आवरलं आहे ते त्याच्या स्नायूंनी. त्यासाठी एका शहराचीही गरज नाही आणि ७० मिलिमीटरचीही, असं कुणी म्हणेल. पण याच कार्यक्रमात प्रेक्षकांच्या बाकांवर खऱ्या माणसांच्या अधेमधे पुठ्ठ्याची माणसं बसवलेली आहेत, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन लहान मुलं रिकाम्या रिंगणात शिरून वस्तूंशी खेळत राहतात. तातीव्हिलमध्ये जे मांडलं तेच इथे एका तंबूत मावलं.

१९७७ मध्ये त्याला फ्रेंच चित्रपटसृष्टीचा मानाचा सेझार मिळाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये तो गेला. टेलिव्हिजनच्या दुनियेवरचा 'कन्फ्यूजन' नावाचा प्रकल्प कागदावरच राहिला.

त्याच्या मृत्यूनंतर जितकं घडलं तितकं त्याच्या अखेरच्या दहा वर्षांतही घडलं नव्हतं. धाकट्या मुलीने, जी स्वतः संकलक होती, एका छायालेखकाच्या मदतीने 'जूर द फेत'ची ती न धुतलेली रंगीत फिल्म बाहेर काढली आणि नव्या तंत्राने त्यातून रंग मिळवले. जत्रेच्या गावाचे लाल-निळे पताके लोकांनी १९९५ मध्ये पहिल्यांदा पाहिले, चित्रीकरणानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. २००१ मध्ये घरच्या माणसांनी कंपनी काढून चित्रपटांचे हक्क एकत्र केले आणि डागडुजी सुरू झाली. त्याच वर्षी ती मुलगी वारली. २००२ मध्ये 'प्लेटाइम' नीट करून कानला दाखवला गेला. पहिल्या दिवशी पॅरिसने पाहिलेली पूर्ण लांबी मात्र परत आलेली नाही. आपण पाहतो तो दोन तासांच्या थोडा वरचा चित्रपट.

त्याच सुमारास एक विसरलेला लघुपटही बाहेर आला. १९७८ च्या युएफा चषकाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना कॉर्सिका बेटावरच्या बास्तिया गावात होता, आणि क्लबच्या अध्यक्षांच्या, म्हणजे एका मित्राच्या, सांगण्यावरून ताती कॅमेरे घेऊन तिथे गेला होता. सामन्याआधी धो धो पाऊस पडला. तातीच्या कॅमेऱ्यांनी फुटबॉल थोडा पाहिला. पाहिलं ते गाव, झेंडे, हॉर्न, मैदानातलं पाणी हटवायची धडपड, बाकांवर भिजत उभे राहिलेले लोक. सामना शून्य-शून्य सुटला. रग्बी क्लबच्या खोलीत जो माणूस एकट्याने प्रेक्षकांचीही नक्कल करायचा, तो इथे खऱ्या प्रेक्षकांना त्यांचीच भूमिका करू देत होता. हा लघुपट मुलीने जुळवून पूर्ण केला.

२००९ मध्ये पॅरिसमध्ये तातीवर मोठं प्रदर्शन भरलं. पोस्टरवर हुलो सायकलसारख्या गाडीवर, तोंडात पाइप. तंबाखूच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याकडे बोट दाखवून मेट्रो आणि बसवरच्या जाहिराती सांभाळणाऱ्यांनी पाइप चालणार नाही असं कळवलं. मग त्या जागी पिवळं भिरभिरं बसवलं. देशभर चर्चा झाली. कायद्याचा हेतू चांगला होता आणि माझा त्याला विरोध नाही. पण त्या पाइपातून धूर कधी आला नव्हता. तो हुलोला न बोलण्याचं निमित्त द्यायचा. आंगिक अभिनयातला तो एक स्नायूच होता.

आणि मग १९४२ ची ती गोष्ट परतली. पन्नासच्या दशकात तातीने एक पटकथा लिहून ठेवली होती, चित्रपटगृहांच्या काळात उपाशी पडत चाललेला जादूगार आणि त्याच्या जादूवर खरोखर विश्वास ठेवणारी एक मुलगी. ती फ्रेंच सरकारी संग्रहात 'फिल्म ताती क्रमांक ४' या नावाने पडून होती. २०१० मध्ये तिच्यावर रेखाटलेला ॲनिमेशनपट आला. दिग्दर्शकाने कथा प्रागमधून एडिंबराला नेली, जादूगाराचं नाव तातिशेफ ठेवलं आणि हे एका बापाने कामापायी दूर राहिलेल्या धाकट्या मुलीला लिहिलेलं पत्र आहे असं सांगितलं. थोरल्या मुलीच्या कुटुंबाने जाहीर आक्षेप घेतला. ज्या मुलीला बापाने नाव दिलं नाही, हे पत्र तिलाच होतं आणि चित्रपटाने तिला दुसऱ्यांदा पुसलं, असं त्यांचं म्हणणं. पटकथेच्या कागदांवर याचा निवाडा होत नाही. मुलगी परक्या गावची, अनोळखी, जादूगाराच्या मागे आलेली आहे, आणि तो तिला वस्तू देत राहतो पण आपण कोण हे सांगत नाही, एवढं त्यात आहे. मला थोरलीच्या घरच्यांचं म्हणणं अधिक जवळचं वाटतं.

त्या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. रेखाटलेला तातिशेफ कुणाला तरी चुकवत एडिंबरातल्या एका चित्रपटगृहात शिरतो. आत 'माँ ओंक्ल' चालू आहे, आणि पडद्यावर खराखुरा ताती, माणसाच्या अंगाचा, हुलो होऊन चालतो आहे. खालचा क्षणभर वरच्याकडे पाहतो, दचकतो, आणि दाराकडे वळतो.